उलटे धरलेले ट्रेसिंग

आमच्या जुन्या क्रीडामंडळाने पन्नाशीनिमित्त काढलेली स्मरणिका मला मंडळाने पाठवली नाही. भाच्याने आणून दिली. तीत त्या काळच्या कर्णधारांचा सहा पानी लेख आहे. त्यांची दोन विधाने अशी : ज्या चालीमुळे मंडळाचे नाव जिल्हाभर झाले ती बास्केटबॉलची चाल त्यांनी स्वतः रचली, आणि मी ‘किरकोळ मतभेदावरून’ संघ सोडून प्रतिस्पर्ध्यांना फितूर झालो. दोन्ही विधाने खोटी आहेत. कर्णधार हयात आहेत, चष्मा लावून वाचू शकतात, म्हणूनच हे आत्ता लिहितो. मेलेल्या माणसाशी वाद घालणे मला कमीपणाचे वाटते.

ते दिवस दुष्काळाचे होते. नगरला पिण्याच्या पाण्याचे वांधे असताना खेळाच्या मैदानावर पाणी मारा असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नव्हते. आमचे मैदान मुरमाचे. पाणी न मिळाल्याने वरचा थर सुटला, फक्कीने आखलेल्या रेषा अर्ध्या तासात धुळीत मिसळू लागल्या, आणि मुख्य म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणे अशक्य झाले. सुट्या मुरमावर आपटलेला चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नव्हता. सगळे संघ या गोष्टीबद्दल कुरकुर करत होते. मी तिच्यावर विचार केला.

मी एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो. साहेबांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक ट्रेसिंग कागद अंथरून काळ्या शाईने ते गिरवायचे, हे माझे काम. दिवसभर रेघा मारणाऱ्या माणसाला मैदानही रेघांतच दिसते. चेंडू जमिनीला लावायचाच नाही, असे मी ठरवले. आमच्याकडे मिरजगावाकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. डावखुरा, आणि बास्केटखाली डाव्या हाताने त्याचा चेंडू सहसा चुकत नसे. सगळी चाल मी त्याच्याभोवती बांधली. बास्केटकडे तोंड केले असता डाव्या अंगाला आमचा सर्वांत उंच गडी खांबासारखा निश्चल उभा राहील. याला स्क्रीन म्हणतात, आम्ही नुसते ‘आड’ म्हणत असू. उजवीकडचा एक गडी उगाच धावून सगळ्यांची नजर ओढून नेईल. त्याच क्षणी डावखुरा त्या उंच गड्याच्या खांद्याला खांदा घासत आत घुसेल. त्याच्यावर पाळत ठेवणारा माणूस त्या खांबावर अडकेल. आणि वरून आलेला चेंडू घेऊन डावखुरा बास्केटच्या डाव्या अंगाने, डाव्या हाताने, तो आत टाकेल. चेंडू एकदाही जमिनीला लागणार नाही.

कचेरीतल्या कागदाची एक उरलेली पट्टी घेऊन मी ही चाल शाईने उतरवली. आपल्या माणसांसाठी वर्तुळे, समोरच्यांसाठी फुल्या, धावण्यासाठी टोकाला बाण असलेल्या तुटक रेघा. नावे लिहिली नाहीत, अक्षर एकही नाही. मधल्या सुट्टीत कर्णधार सायकलवरून कचेरीत आले तेव्हा कागद टेबलावरच होता. मी समजावून सांगू लागलो. एवढेच वाक्य पुरे झाले : “शेवटचा बॉल डावखुऱ्याला.” पुढे ते ऐकायला थांबले नाहीत. समजायला काय लागते, असे म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली, खिशात घातली, आणि नीट पाहून परत देतो म्हणाले. तो कागद मला आजतागायत परत मिळालेला नाही.

आठवड्याभराने मंडळाच्या बैठकीत त्यांनी जाहीर केले की स्पर्धेसाठी आपण एक नवी चाल बसवली आहे. त्याच बैठकीत बारा जणांची यादी वाचली गेली. तीत माझे नाव नव्हते. माझ्या जागी त्यांचा मावसभाऊ होता. कारण सांगितले गेले, उंची. माझी उंची त्या आठवड्यात कमी झालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहाच्या दुकानात गाठले. आणखी चौघे बसले होते. चाल माझी आहे हे तुम्ही बैठकीत सांगायला हवे होते, असे मी म्हणालो. ते बशीतला चहा फुंकत राहिले.

“चाल काय तुझ्या बापाची इस्टेट आहे का रे? संघाची आहे ती.”

“मग मलाही संघात ठेवा.”

“तू ट्रेसर ना? तू रेघा मार. खेळायचं आम्ही बघतो.”

चौघे हसले. त्यांतला एक पुढे मंडळाचा अध्यक्ष झाला. तो प्रसंग आठवत नाही, असे त्याने अलीकडे मला सांगितले. मला आठवतो. बशी कोणत्या हातात होती तेही आठवते.

यानंतरही मी संध्याकाळी सराव पाहायला जात असे, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की ते चाल उलटी खेळत आहेत. उंच गडी उजवीकडे उभा होता. डावखुरा उजव्या अंगाने आत शिरत होता आणि चेंडू उजव्या हाताने टाकण्याची त्याच्यावर पाळी येत होती. कारण उमगायला मला क्षणही लागला नाही. ट्रेसिंग कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. सुलटी बाजू कोणती हे ट्रेसर बोट फिरवून ओळखतो. शाईची रेघ त्या बाजूला किंचित उठून लागते. कर्णधारांनी सुरळी उलगडली ती पालथी, आणि पालथ्या कागदावरची चाल अकरा माणसांना पाठ करायला लावली. ज्याने ही चाल डावखुऱ्यासाठी रचली, तो त्याला उजवीकडून कसा धाडील, हा प्रश्न त्यांपैकी एकालाही पडला नाही.

पडला तो फक्त डावखुऱ्याला. पाणी प्यायला तो मैदानाबाहेर आला आणि माझ्याजवळ उभा राहून हळूच म्हणाला, “ह्यो हात माजा न्हाईच. उजव्या हातानं मला घास बी धड खाता येत न्हाई. ह्यात कायतरी चुकतंय, तुमाला न्हाई वाटत?”

मी म्हणालो, कर्णधारांना विचार.

दोन दिवसांनी औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या संघात मी नाव घातले. त्यांना खेळाडू हवाच होता, आणि माझी उंची त्यांनी मोजली नाही. अंतिम सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले. तोवरच्या सामन्यांत समोरचे डावखुऱ्याच्या मागे धावत आणि मोकळ्या पडलेल्या मधल्या जागेतून मंडळाचे इतर गडी गुण मिळवत. डावखुऱ्यावर पाळत ठेवण्याचे काम मी मागून घेतले. आमच्या पोरांना मी एवढेच सांगितले होते की तो उजवीकडून आत घुसला तर त्याच्या मागे धावू नका, मधली जागा धरा, त्याला मोकळा सोडा. त्यांना ते वेडेपणाचे वाटले. पहिल्यांदा तो मोकळा सुटला, चेंडू सुरेख आला, आणि त्याच्या उजव्या हातातून निसटून कड्यावर आदळून बाहेर गेला. दुसऱ्यांदा तेच. कर्णधार टाळी वाजवून पुन्हा तीच चाल मागत राहिले, कारण त्यांच्याजवळ दुसरी नव्हती. सहा वेळा तो मोकळा सुटला आणि सहा वेळा चुकला. पाचव्या वेळेपासून कर्णधार त्याला सर्वांदेखत शिव्या देऊ लागले.

शेवटची काही मिनिटे उरली असताना दोन्ही संघ बरोबरीत होते. मी आमच्या उंच गड्याला डावीकडे उभे केले आणि माझी चाल सुलटी खेळून दाखवली. आमच्याकडे डावखुरा नव्हता, म्हणून खांबाला घासून आत मीच घुसलो. डाव्या हाताने चेंडू टाकण्याचा सराव मी महिनाभर एकट्याने केला होता. त्या दोन गुणांनी सामना संपला. कर्णधार माझ्याकडे पाहत उभे होते. आपण कशाने हरलो हे तेव्हाही त्यांना कळलेले नव्हते, आणि तो चेहरा पाहण्यासाठी मी आणखी सहा महिने सराव केला असता.

आता पुराव्याकडे येतो. स्मरणिकेच्या बेचाळिसाव्या पानावर कर्णधारांनी ‘माझ्या हातची मूळ आकृती’ म्हणून एक चित्र छापले आहे. बाणांची टोके माझी आहेत; तसे टोक काढायला आमच्या हेडट्रेसरने मला शिकवले होते. आकृती उलटीच आहे. आणि खाली ठळक अक्षरांत ओळ आहे : शेवटचा बॉल डावखुऱ्याला. हे वाक्य माझे, आणि त्या आकृतीशी ते जुळत नाही. पन्नास वर्षांत त्यांनी ही विसंगती एकदाही पाहिली नाही.

मंडळाचे हल्लीचे चिटणीस समजूत काढायला घरी आले होते. भला माणूस आहे. तो म्हणाला, उलटी म्हणा की सुलटी म्हणा, काका, आमची उजव्या हाताची पोरं तीच चाल खेळून जिंकत आली. कर्णधारकाका म्हणतात, मूळ कुणाची का असेना, चालली ती आमची. स्मरणिकेत दुरुस्तीची चिठ्ठी घालून तीत चालीत दोघांचाही वाटा होता असे छापू, असे त्याने सुचवले. मी त्याला सांगितले की वाटा द्यायला माझी हरकत नाही. कागद पालथा धरणे एवढा त्यांचा वाटा खुशाल छापा.

परंतु त्याच लेखात कर्णधारांनी असेही लिहिले आहे की डावखुऱ्याने ऐनवेळी कच खाल्ली. त्या सामन्यानंतर त्याला संघातून काढले गेले आणि तो गावी परतला, तो पुन्हा कधी खेळला नाही. चाल माझी आहे असे मी म्हणणार, तर ते सहा चुकलेले चेंडूही माझ्याच नावावर घ्यावे लागतात. एवढे गणित मला समजते. म्हणून हा मजकूर देण्याआधी मी त्याचा नंबर मिळवला आणि त्याला सगळे सांगितले.

तो म्हणाला, “मला इतकी वर्सं वाटलं, माजाच हात कच्चा.” आणि पुढे, “तवा मी इचारलं हुतं तुमाला. का न्हाई बोलला?”

“कर्णधार हरावेत म्हणून.”

“आन् मी?”

मी खोटे बोललो नाही. तुझा विचारच केला नव्हता, असे सांगितले. त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही.

हा मजकूर त्याच दिवशी मी छापायला दिला.