चारच्या सिनेमामागे थांबलेला खेळ

"टीव्ही नेतोस, ने. पण चारच्या सिनेमाचं काय?" हौसाक्कांनी दारातच अडवलं.

मी आणि माझा वायरमन त्यांचा कलर टीव्ही चादरीत गुंडाळत होतो. हौसाक्का म्हणजे सांगलीतलं माझं पहिलं केबलचं गिऱ्हाईक. नव्वदच्या दशकात मी केबलच्या धंद्यात उतरलो, तेव्हा माझं भांडवल म्हणजे एक शिडी आणि तोंड.

"तिथं या आणि तिथंच बघा," मी म्हणालो.

"तुझ्या शब्दावर सोडतीय, दत्ता. न्हाई दिसला, तर तुझी वायर इळीनं कापीन."

असे शब्द देत मी गल्लोगल्ली फिरलो आणि पंचवीस-तीस टीव्ही जमवले. येत्या रविवारी मुंबईची एक टीव्ही-गेमची कंपनी आमच्याकडे खेळणाऱ्यांचा मेळावा, म्हणजे स्पर्धाच, भरवणार होती. कंपनीचे सबनीस साहेब टीव्ही भाड्याने आणणार होते. मी म्हणालो, टीव्ही मी आणतो, फुकट. बदल्यात सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी माझी.

"मेळावा नीट झाला, तर तुमची," साहेब म्हणाले.

"चारच्या आत आवरायचं, एवढीच अट. रविवारी चारला दूरदर्शनवर मराठी सिनेमा असतो. माणसं त्या वेळी टीव्ही सोडत नाहीत."

साहेबांनी मान डोलावली. ती मान मला अजून दिसते.

जागा मिळाली ती हळदीच्या एका रिकाम्या गोदामात. दिवाळीची सुट्टी होती, माल सगळा उठलेला. भिंतींना मात्र वास तसाच. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत यायच्या आणि त्यांच्यात पिवळी धूळ सावकाश फिरत राहायची. शनिवारी आम्ही सगळे टीव्ही लावून पाहिले. त्या पिवळ्या अंधारात निळ्या काचा एकामागोमाग उजळल्या. वायरमनने हातातली पक्कड खाली ठेवली आणि तो नुसता बघत उभा राहिला. मीही रागवायचं विसरलो.

थोडं कामाचं सांगतो. गेमचं यंत्र टीव्हीला थेट लागत नसे. मध्ये काडेपेटीएवढी एक डबी असायची. तिच्यावरचा खटका एका बाजूला सरकवला की गेम, दुसऱ्या बाजूला सरकवला की नेहमीचा टीव्ही. दिलेल्या शब्दाखातर मी प्रत्येक डबीला माझी केबलही जोडून ठेवली. हे साहेबांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

रविवारी टीव्हीपाठोपाठ टीव्हीवालेही आले. लग्नाला भांडी दिली की घरचं माणूस बरोबर येतं, तसे. सतरंज्या, पाण्याचे तांबे, चिवड्याचे डबे घेऊन बायका आपापल्या टीव्हीमागे बसल्या. कराड, मिरज, साताऱ्याहून पोरं आली. सगळे होते, फक्त साहेब नव्हते. ते उशिरा आले आणि मग दीप लावला, हार झाले, भाषणं झाली. कंपनीचं भवितव्य या विषयावर साहेब बोलतच राहिले. मी मागून घड्याळ दाखवत होतो.

शेवटची फेरी चारला टेकली. ती हौसाक्कांच्या टीव्हीवर होती, कारण तोच सगळ्यात मोठा. कराडच्या पोराचा डाव संपला होता. मिरजेची एक मुलगी खेळत होती आणि थोडक्यासाठी मागे होती. तिचा टोपीवाला बाहुला खड्ड्यावरून उडी मारत होता, तेवढ्यात हौसाक्का उठल्या.

"चार वाजलं."

"बाई, फायनल चालू आहे," साहेब म्हणाले.

"तुमची फायनल हाय, टीव्ही माझा हाय."

"दत्ताराव, यांना सांगा. एजन्सी हवी आहे ना?"

माझं डोकं तापलं. "साहेब, चारच्या आत आवरा म्हणालो होतो. भाषण तुम्ही केलंत. शब्द मी दिलाय."

मुलीनंच वाट काढली. तिनं हातातलं बटण दाबलं. बाहुला हवेत थांबला. "काका, याला पॉज म्हणतात," ती मला म्हणाली. "यंत्र बंद करू नका. नंतर इथूनच खेळीन."

हौसाक्कांनी खटका सरकवला. मग शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता सगळ्या गोदामात एकच सिनेमा सुरू झाला. एकच नायिका सगळ्या काचांत डोळे पुसू लागली, एकच गाणं चहूकडून येऊ लागलं. पोरं आयांच्या मांडीला टेकली. उन्हाच्या काड्या तिरप्या झाल्या, मग विझल्या. मी मात्र त्या एका यंत्राचा लाल दिवा बघत होतो. वीज गेली असती, तर फायनल गेली असती आणि एजन्सीही. एकदा व्होल्टेज उतरलं. सगळी चित्रं आक्रसली. दिवा मिणमिणला आणि पुन्हा उभा राहिला. सिनेमाच्या मागे, कुणालाही न दिसता, तो बाहुला तसाच हवेत होता.

सिनेमा संपला. खटका परत सरकवला. बाहुला तिथेच होता, खड्ड्याच्या वर. लोक पुढे सरकले. मुलीनं फ्रॉकनं डोळे पुसले, कारण सिनेमाचा शेवट वाईट होता, आणि बटण दाबलं.

बाहुला सरळ खड्ड्यात गेला.

कराडचा पोरगा जिंकला. मुलीचा बाप साहेबांशी भांडला. "सिनेमानं पोरीचा हात गार केला," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. साहेबांनी मुंबईला कळवलं की स्थानिक माणसाला शिस्त नाही. एजन्सी कोल्हापूरच्या एका दुकानाला गेली. हेच साहेब सिनेमाभर हौसाक्कांच्या सतरंजीवर बसले होते आणि त्यांचा चिवडा खात होते, हे त्यांनी कळवलं नाही.

पुढचा मेळावा साताऱ्याला झाला, भाड्याच्या टीव्हींवर. माणसं फारशी आली नाहीत, असं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही.

माझी वायर मात्र कुणी कापली नाही. आजही सौदा करताना मी रकमेआधी विचारतो, वार कोणता आणि भाषण कोण करणार.