दोन खुर्च्यांपुरतं काँक्रीट

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही लंडनजवळ स्टॅनमोरला घर घेतलं, तेव्हा मागे स्विमिंग पूल आयताच मिळाला. त्याभोवती काँक्रीट घालायचा खर्च सांगायला एक म्हातारा आयरिश बिल्डर आला. चहाचा मग घेऊन तो काठाकाठाने सावकाश फिरला.

"एवढं रुंद कशाला?"

"गणपतीला चाळीस माणसं येतात आमच्याकडे."

"आणि एरवी?"

एरवी आम्ही दोघंच. मुलगी नुकतीच युनिव्हर्सिटीला गेली होती. त्याने शेडमधल्या दोन खुर्च्या आणून काठावर ठेवल्या आणि जुन्या फरशीवर त्यांच्याभोवती खडूने रेघ ओढली.

"एवढं पुरे. निम्म्यात होईल."

मला राग आला. हट्टाने सगळं घालून घेतलं. गणपतीत पाऊस लागला, चाळीसही जण आतच बसले.

आम्ही दोघं अजून रोज बाहेर बसतो, बरोबर त्याने रेघ ओढली होती तेवढ्याच जागेत.