भादव्यात भरलेला ढोला

अहरोन किहिमकरांना खोटारडं ठरवून गेलेला माणूस दवनीवाड्याजवळच्या आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जेमतेम अर्धा दिवस होता. त्यातला बराचसा वेळ जेवणात गेला. कोंबडीचा रस्सा त्याला तिखट लागला, हे मला पक्कं आठवतं, कारण रस्सा माझ्याच घरून गेला होता. आता वाटतं, अजून दोन मुठी तिखट टाकायला हवं होतं.

किहिमकर म्हणजे आमचे गार्डबाबा. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ज्यू म्हणतात ते. रेल्वेत गार्ड होते, बदलीवर गोंदियाला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर भाऊबंद ठाण्याला बोलावत राहिले, पण यांनी इथे जवळच, मुर्री गावात, घर बांधलं. नोकरीत त्यांना शनिवारची धार्मिक विश्रांती पाळता आली नव्हती, गाड्या काही शनिवारी थांबत नाहीत. ती सगळी कसर त्यांनी नंतर भरून काढली. शुक्रवारी दिवस मावळला की लुना पडवीत लागायची, ती शनिवारी चांदण्या दिसल्याशिवाय निघायची नाही. स्वभाव मात्र भयंकर तापट. कोणी खोटं बोललेलं कळलं की असे तडकायचे की समोरचा महिनाभर वाट बदलून जायचा. मी इथल्या शाळेत मास्तर आहे. मलाही त्यांनी पोरांदेखत झापलेलं आहे.

त्यांच्या बायकोचं, सिपोराबाईंचं, आमच्या टोल्यावर येणंजाणं होतं ते पोह्यांमुळे. त्यांच्यात मलिद्याचा विधी असतो. ताटात पोहे, खोबरं, साखर, फळं ठेवून एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना करतात. त्यासाठीचे पोहे आमच्या धुरपताबाई कांडून द्यायच्या. येता-जाता सिपोराबाईंनी पाहिलं की भादव्यात, जुनं धान संपलेलं आणि नवं अजून शेतात असताना, इथल्या चुली थंड पडतात. मग लोक शालीकराम व्यापाऱ्याच्या दारात उभे राहतात. तो धान द्यायचा दीडीने, म्हणजे आज एक पोतं न्या आणि कापणीनंतर दीड आणून टाका. सिपोराबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, बाबांनी ठाण्यातल्या आपल्या समाजाच्या धर्मादाय ट्रस्टच्या मागे लागून धान बँक उघडून घेतली.

बँक म्हणजे एक मोठा ढोला. धान साठवायचा, बांबूच्या तट्ट्यांचा, शेणामातीने लिंपलेला, एक अख्खी खोली व्यापणारा. चालवायच्या बाया, प्रमुख धुरपताबाई. भादव्यात धान न्यायचं आणि कापणीनंतर सवाईने परत करायचं. दिवाळीनंतर ढोला भरायचा, भादव्यात रिकामा व्हायचा. रिकामा झाला याचा अर्थ टोल्यावरच्या सगळ्या घरी भात शिजतोय. इतकं साधं होतं ते, आणि दहा वर्षं बिनबोभाट चाललं.

२००९ मध्ये ट्रस्टला पैसे देणाऱ्यांनी विचारलं की आमच्या पैशाचं होतं काय. विचारावंच. बाबांनाही ते पटलं होतं. ट्रस्टने सगळ्या कामांचं मूल्यमापन करायचं ठरवलं आणि आमच्याकडे एक साहेब पाठवला. त्याच्या येण्याचा दिवस निघाला ऐन भादव्यातला, आणि वार रविवार.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. पोरगी द्यायची म्हणून सोयरे घर बघायला येतात, तेव्हा त्यांची नजर आधी ढोल्यावर जाते. म्हणून सोयरे यायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं धान आणून ढोला भरतात आणि ते गेले की ज्याचं त्याला परत करतात. सगळ्यांना हे माहीत असतं, बघायला आलेल्यांनाही. त्यांनीही आपल्या घरी हेच केलेलं असतं. याला कोणी फसवणूक म्हणत नाही, अब्रू राखणं म्हणतात.

तर शनिवारी, बाबा मुर्रीत प्रार्थनेला बसलेले असताना, टोल्यावरच्या बायांनी पाहुण्यासाठी ढोला भरला. धान आणलं शालीकरामकडून. ज्या माणसाचा धंदा या बँकेने बसवला तो एका दिवसासाठी हसत हसत पोती देतो, यात कोणाला काही काळंबेरं दिसलं नाही. मी त्या दिवशी गोंदियाला होतो. असतो तरी थांबवलं असतं असं छातीठोकपणे सांगत नाही. मीही इथलाच आहे.

रविवारी साहेब आला. बाबांनी जमाखर्च पुढे ठेवला. साहेबाने तासभर तपासला आणि म्हणाला की चोख आहे, इतका चोख मी कुठे पाहिला नाही. बाबांचा चेहरा खुलला. मग ढोला दाखवायला सगळे उठले. हिशेबात साठा शून्य, सगळं धान घरोघरी गेलेलं. आणि ढोला काठोकाठ.

बाबा तिथेच थबकले. मग धुरपताबाईंवर ओरडले, "काऊन भरला? कोनं सांगतलं होतं?"

धुरपताबाई चक्रावल्याच. त्यांना शाबासकी अपेक्षित होती. म्हणाल्या, "पाहुण्याले खाली ढोला दाखवून गावाचं नाक कापू काय, बाबा?"

साहेबाला ती बोली समजली नसावी. त्याने शांतपणे विचारलं की हिशेब खरा की ढोला खरा. बाबांनी त्याला हात जोडले. म्हणाले, घरोघरी चला, मडकी उघडून बघा, आमचं धान तिथे आहे. साहेबाने घड्याळ बघितलं. त्याला विदर्भ एक्स्प्रेस गाठायची होती, आणि त्याच्या कागदावर साठ्याचा रकाना होता, मडक्यांचा नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की बायांच्या समितीने खोटा साठा दाखवला असेल तर नियमाप्रमाणे बँक बंद करून धान विकावं लागेल; एकट्याची करणी असेल तर तेवढा माणूस बदलला की भागेल.

धुरपताबाई पुढे होऊन सांगू लागल्या. बाबांनी त्यांना दरडावलं, "तुम्ही गप बसा, बाई." मग साहेबाकडे वळून म्हणाले, "लिहा. ढोला मी भरायला लावला. ह्या बायांचं नाव कागदावर आलं तर मी सही करणार नाही."

साहेबाने लिहिलं, बाबांनी सही केली. खोटं बोलणाऱ्याला उभा जाळणारा माणूस त्या दिवशी खोटं बोलला, तेही आपल्याच समाजासमोर, आमच्या मूर्खपणावर पांघरूण घालायला. ठाण्याला सभेत अहवाल वाचला गेला. त्यांच्या चुलतभावाने फोन करून विचारलं की म्हातारपणी ही बुद्धी कुठून सुचली. मी ट्रस्टला खरं काय ते लिहिणार होतो. बाबांनी दम भरला की लिहिशील तर तोंड बघणार नाही. त्या वर्षी सणाला ते ठाण्याला गेले नाहीत, पुढेही कधी गेले नाहीत.

बँक वाचली. पण कशी वाचली ते ऐका. बाबांना काढून ट्रस्टने गोंदियाचा इंदरलाल नावाचा माणूस नेमला. अहवालात शिफारस होती की निम्मा साठा कायम ढोल्यात शिल्लक असलाच पाहिजे. इंदरलालने ढोल्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गोंदियाला नेली. माणूस वाईट नव्हता. सांगितलं तेवढं करणारा होता, आणि अशा माणसांचा मला वाईट माणसांपेक्षा जास्त संताप येतो.

पुढच्या भादव्यात वरचा निम्मा ढोला पंधरवड्यात संपला. उरलेला निम्मा कुलपात. धुरपताबाई इंदरलालला फोन करून थकल्या. तो म्हणे, नियम आहे. मग एका सकाळी माझ्या शाळेसमोरून बाया रिकामी पोती घेऊन शालीकरामकडे जाताना दिसल्या, सगळ्यांच्या मागे धुरपताबाई. आपलंच धान पाठीशी ठेवून दीडीच्या दारात. मला त्या साहेबाला, ट्रस्टला, शालीकरामला, सगळ्यांना शिव्या घालाव्याशा वाटल्या. वर्गात पोरं होती म्हणून तोंड आवरलं आणि मुर्रीला फोन केला.

बाबा लुनावर आले. शालीकरामच्या दारातून बायांना हाताला धरून परत आणलं. माझ्याकडून सब्बल, म्हणजे पहार, मागितली आणि भर दुपारी, सगळ्या टोल्यासमोर, कुलूप तोडलं. मग पायली घेऊन धान मोजायला बसले. एक-एक घर पुढे येत होतं, धुरपताबाई नाव सांगत होत्या.

कोणीतरी कळवलं असणार, तासाभरात इंदरलाल मोटरसायकलवरून आला. घाबरला होता. म्हणाला, "गार्डसाब, मला हे ठाण्याला कळवावं लागेल."

बाबांनी मान वर केली नाही. "कळवा ना. मागच्या साली माझ्याबद्दल लिहिलं ते खोटं होतं. या साली लिहा, अहरोन किहिमकरनं कुलूप तोडून ट्रस्टचं धान चोरलं. हे खरं आहे, याच्यावरही सही करतो."

नावं सांगता सांगता धुरपताबाई थांबल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. बाबा त्यांच्यावर खेकसले, "तुम्ही काऊन थांबल्या, बाई? पुढचं घर कोनाचं?"