कांबळ्यांचं धरण

कांबळे गेल्याचा फोन आला तेव्हा मी निशातगंजच्या बाजारातून नुकताच परतलो होतो. "अंकल, बाबा नहीं रहे," त्यांचा मुलगा म्हणाला. दुधी हातातच राहिला…

कांबळे माझे ऑफिसातले शेजारी, मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीनं इकडे उत्तरेत आलेले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांचे बांध घातले. म्हणून कांबळ्यांनी शहराबाहेर, बख्शी का तालाब या गावाजवळ दीड बिघा जमीन घेतली आणि खतौनीवर, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, नाव चढल्याचे पेढे अख्ख्या ऑफिसला चारले. त्याच आषाढात वरची भुसभुशीत माती उतारानं वाहत गेली आणि खालच्या शेतातल्या रामसेवकचं भाताचं रोप गाडलं गेलं.

"ज़मीन आपके नाम है न साहब? तो पानी भी आपके नाम!" रामसेवक गरजला. मला भांडणाची हौस. मी बाह्या सरसावल्या.

"थांबा हो," कांबळे म्हणाले, "खरं बोलतोय तो. सातबारा माझा, तर माती अडवायचीही मीच." मग त्याच्याकडे वळून, "भैया, हम यहाँ बाँध बनाएँगे."

झालं! हिंदीत बाँध म्हणजे धरण. पुढच्या रविवारी फावडं घेऊन पोचलो तर अर्धं गाव गोळा. "साहब, हमार घर डूबी का?" एका म्हातारीनं विचारलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "नहीं अम्मा, सिर्फ़ रामसेवक का." रामसेवक माझ्यावर धावला! कांबळ्यांनी घाईघाईनं काडीनं रेघ ओढली, गुडघ्यापर्यंत हात नेऊन उंची दाखवली.

"अरे, मेड़! मेड़ कहिए न!" रामसेवक थबकून म्हणाला. मेड़ म्हणजे आपला शेताचा बांध.

सगळ्यांत जास्त वेळ हसले ते कांबळेच. तेव्हापासून दरवर्षी पावसाआधी ते एकटे माती चढवत. रामसेवक कडुनिंबाखालून सूचना करी, मी त्याच्याकडचा चहा पीत असे.

गेल्या रविवारी कांबळ्यांशिवाय गेलो, तर बांधाच्या अर्ध्या लांबीवर ताजी माती. "आधा हम कर दिए," घामेजलेला रामसेवक म्हणाला. "बाकी साहब का हिस्सा है, उसे हम हाथ नहीं लगाएँगे."

"लेकिन साहब तो अब…"

"आप तो हैं. चाय बहुत पिए हैं यहाँ."

दुपारपर्यंत हाताला चार फोड आले. आठ हात बांध तरी उरलाच. घरी येऊन कांबळ्यांच्या मुलाला फोन केला, "खतौनीवर आता तुझं नाव चढेल. रविवारी बांध घालायला चल."

"बाँध? कौन-सी नदी पर, अंकल?"

कांबळ्यांचं फावडं, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेलं, माझ्या गॅलरीत उभं आहे. रविवारी ते त्याच्या हातात देणार आहे. नदी तिथे गेल्यावर दाखवीन.