शेजारच्या काकांचा ऊस

फ्रीमाँटमधले आमचे शेजारी काका मूळचे फिजीचे. शिडी मागा, गाडी मागा, कुंपणावरून हसत देणार. अंगणातल्या उसाला मात्र कुणाला सुरी लावू देत नाहीत. स्वतःही तोडत नाहीत. रोज पाणी तेवढं घालतात. मला भारी कुतूहल होतं.

यंदा तुळशीच्या लग्नासाठी मी दोन ऊस मागितलेच. काकांचं हसू गेलं. आपल्या फिजी वळणाच्या हिंदीत म्हणाले, "आमच्या आज्याला इंग्रजांनी करारावर फिजीत नेलं, ऊस तोडायला. हात थांबला की चाबूक पडायचा."

मी ओशाळून परतलो.

संध्याकाळी काका दारात उभे. हातातल्या बादलीत मुळांसकट, मातीसकट काढलेले दोन ऊस.

"लग्न होऊ दे, बेटा. फक्त तोडू नकोस. उद्या परत आण, मी पुन्हा लावतो."