मेनोनाइट मंडळीची वही

आधी सिस्टरचं सांगतो, मग घटनेचं. सिस्टर म्हणजे सिंगापुरात यिशुन भागात आमच्याच ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई. नाव लिहीत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. मुलीकडे सिंगापूरला आलो त्या पहिल्याच महिन्यात मी जुरोंग ईस्टच्या मेट्रो स्टेशनात चुकलो. फोन बंद, इथं राहायचा परवाना-पास घरी, इंग्रजी सातवीपर्यंतचं. पोलीस दिसला की खांबाआड होत होतो. तेहतीस वर्षं खाकी घातलेला माणूस! माझं मराठी पुटपुटणं ऐकून या बाईंनी दंड धरला आणि घरी आणून सोडलं. मुलीला अवाक्षर सांगितलं नाही.

त्यानंतरचा हा प्रकार अजून मनातून जात नाही.

मी सातवीनंतर शाळा सोडली, वयात आल्यावर पोलीस शिपाई झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. हा तपास मात्र निवृत्तीनंतरचा. परका देश, अंगावर वर्दी नाही, हातात अधिकार नाही.

सिस्टर छत्तीसगडच्या हद्दीजवळच्या एका खेड्यातल्या. तिथं मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी मंडळी आहे. त्यातली चार घरं सिंगापुरात आहेत आणि रविवारी ती प्रार्थनेला जमतात. मी हिंदू, पण सिस्टर नेतात म्हणून मागच्या खुर्चीत बसतो. जमायचं ठिकाण जुरोंग ईस्टला, विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका तरुणाचा फ्लॅट. त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. तो मंडळीचा इतिहास लिहीत होता आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडून मूळ नोंदवही स्कॅन करायला घेऊन आला होता. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, सगळं तिच्यात. दुसरी प्रत नाही. पंधरवड्यानंतरच्या बुधवारी गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर ती परत पाठवायची होती.

खरं सांगतो, एका रविवारी त्यानं सगळ्यांना वही दाखवली आणि माझ्या पोटात दुखलं. माझ्या पणजोबांचं नाव मला ठाऊक नाही. ते कुठल्याच कागदावर नसावं. या लोकांचा मात्र पणजासुद्धा शाईत होता. डॉक्टरचाही हेवा वाटायचा. माझी नात गणित घेऊन त्याच्याकडे जायची. मी बघू म्हटलं, तर म्हणाली, "आबा, तुला नाही येणार ला." हा शेवटचा 'ला' इथल्या बोलीतला.

त्याच रविवारी जेवणानंतर वही कपाटावरून गायब झाली. स्कॅन चार पानांचंच झालं होतं. डॉक्टरनं ग्रुपवर मेसेज टाकला, 'कुणी चुकून नेली का?' कुणी उत्तर दिलं नाही.

"पोलिसांत दे," मी म्हटलं.

"नाही काका. आमच्यात भावाविरुद्ध फिर्याद करत नाहीत. पण गावाला काय तोंड दाखवू? विश्वासानं दिलीय त्यांनी. तुम्हीच बघा ना."

पुढच्या रविवारी त्यांचं प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायचा विधी. त्याआधी हे लोक एकमेकांचे पाय धुतात, बाया बायांचे, पुरुष पुरुषांचे. मनात कुणाशी अढी असेल तर आधी मिटवायची, मगच पाण्याला बसायचं. मी मागून प्रत्येकाचा चेहरा बघत होतो. दरवेळी पहिल्या बसणाऱ्या सिस्टर त्या दिवशी म्हणाल्या, "गुडघा धरलाय. मी नाही बसत." प्रभुभोजनाची भाकरही त्यांनी घेतली नाही.

परत येताना ट्रेनमध्ये मुलगी आणि नात सोबत होत्या, सिस्टर आवराआवरीला मागे थांबलेल्या. मी मुलीला म्हटलं, सिस्टरच्या गुडघ्याला तेल देऊ या. तर नात म्हणाली, "कसला गुडघा? सकाळी लिफ्ट बंद होती, तर आंटी बाजाराची पिशवी घेऊन माझ्या आधी वर गेली!"

खबर अशीच मिळते. देणाऱ्याला पत्ताही नसतो.

दुसऱ्या दिवशीची माझी सकाळ वाईट गेली. पोरीसारखा हात धरून जिनं घरी आणलं तिचाच जबाब घ्यायचा? शेवटी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर तिला कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन दिली.

"फौजदारांनी स्वतःहून पाजली म्हणजे काहीतरी काढायचंय," ती हसली.

जुन्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर, शपथेवर सांगा..."

"शपथ आम्ही घेत नाही, दादा. हो तर हो, नाही तर नाही. विचारायचं ते सरळ विचारा."

तेव्हा लक्षात आलं. तिला एकटीला, समोर बसवून, कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती. 

"वही तुमच्याकडे आहे?"

"हो."

पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारे मी ठाण्यात पाहिलेत. असं 'हो' नव्हतं ऐकलं.

"का?"

"तीस वर्षं मी म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करतेय. वही बघू द्या म्हटलं तर गावचे वडीलधारे म्हणाले, बाईमाणसाला काय करायचीय? या डॉक्टरला मात्र विमानात घालून दिली. पुराच्या वर्षी माझ्या आईनं ती धान्याच्या कोठीत ठेवून वाचवली. आईचं नाव मात्र तिच्यात नाही, अमक्याची बायको एवढंच आहे. वाटलं, वही दिसेनाशी झाली की आता तरी हा माझ्याकडे येईल, 'सिस्टर, सांगा' म्हणेल. यानं मेसेज टाकला, सगळ्यांना एकच." कप खाली ठेवून म्हणाली, "जळले मी. झालं?"

मी म्हटलं, "एका पदवीधर साहेबानं माझा तपास स्वतःच्या नावावर लावला होता. मी त्याची डायरी दोन दिवस कपाटामागं टाकली."

"मग?"

"मीच शोधून दिली. शाबासकी मिळाली."

बाई पदरात तोंड घालून हसली. मग डोळे पुसले.

मंगळवारी ती स्वतः वही घेऊन गेली. सोबत चला म्हणाली, म्हणून मी दारापर्यंत गेलो. "मी नेली होती," तिनं सांगितलं. डॉक्टर भडकलाच. "आठवडाभर झोप नाही मला, सिस्टर! तुम्ही?" तिनं मान खाली घातली नाही. का नेली तेही सांगितलं. त्यानं वही उघडून टेबलावर ठेवली. मग खुर्ची ओढून म्हणाला, "आईंचं नाव काय होतं?"

चोरी म्हटली की नोकरीभर मी गरज शोधली, लोभ शोधला. या माणसाला कुणी काही विचारलंच नाही का, हे शोधायचं राहून गेलं. किती जणांचं राहिलं, याची आता भीती वाटते.

सिस्टर लवकरच निवृत्त होऊन गावी जातील. तिथल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायांशी बोलायचं अजून बाकी आहे. मी त्यांना शब्द दिलाय, मी येईन. दारोदार हिंडून जबाब घेणं मला येतं. अक्षर सातवीचं आहे, पण प्रत्येकीचं नाव पूर्ण लिहीन.