स्टिअरिंगवर कोण बसतंय?

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली 'कात्री' म्हणायची. दुकानात असेपर्यंत तिच्या हातातली कात्री सुटत नसे, हे एक कारण. दुसरं कारण तिचं तोंड. नवरा गेला तेव्हा दुकान आता बंद पडणार, असं गल्लीने आपापसात ठरवून टाकलं होतं. तेराव्याच्या आत हिने शटर वर केलं, मशीनला तेल घातलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला सुनावलं, "बायकांच्या हातचा टाका चालणार नसेल तर उघड्या स्पंजावर बसा." त्या दुकानावर तिने धाकट्या बहिणीला शिकवलं, लग्न करून दिलं, आणि तो नवरा दारू पिऊन हात उगारायला लागला तेव्हा परत घरीही आणलं.

तीच धाकटी एक दिवस दुकानासमोर हॉर्न वाजवत आली. पांढरी, उंच, जुनी एसयूव्ही. बांगड्या मोडून, जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठकडून घेतलेली. टेकडीवरच्या दवाखान्यातल्या नर्सना सकाळी वर पोचवायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं काम तिने स्वतःच जमवलं होतं.

"ताई, आता मी कोणाच्या हाताखाली नाही," ती म्हणाली. त्या वेळी तिचा चेहरा फुलला होता. कात्री आत डोकावून म्हणाली, "सीटं भिकारडी आहेत. गाडी इथेच ठेव."

तिने मरून रेक्झीन काढलं, कडेला पिवळा दोरा घातला आणि कोपऱ्यात आपला नेहमीचा तिहेरी टाका मारला. तो गल्लीत दुसऱ्या कोणाला जमत नसे. कव्हरं बसवायला सीटं काढली. सीटांखालची मॅट उचलली आणि तिचं बोट पत्र्यातून थेट खाली गेलं. पत्रा कसला, खारी बिस्किटाचा चुरा! बाजूने पोपडे निघत होते आणि भोकातून दुकानाची फरशी दिसत होती. मग तिने वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, तर तिथे सगळं काळंभोर आणि चकचकीत. डांबरासारखा जाड थर फासलेला. नखाने खरवडला तर थराखालून तांबडी भुकटी सांडली.

आता हे असं का करतात, ते कात्रीला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी टेकडीच्या तिसऱ्या वळणावरून अशीच एक जुनी गाडी दरीत गेली होती. त्या गाडीची कव्हरंही हिनेच शिवलेली. 'ड्रायव्हरला डुलकी लागली,' असं सगळ्यांनी सांगितलं आणि विषय मिटवला. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, किती सोय! पण गाडीचा सांगाडा क्रेनने वर आणला तेव्हा शेजारच्या फिटरने तो पाहिला होता आणि हळूच तिला सांगितलं होतं. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की गाडीची चाकं वळवणारा स्टिअरिंग बॉक्स चासीच्या लोखंडी चौकटीला ज्या जागी बोल्टने आवळलेला असतो, तिथलं लोखंड गंजून फाटलं होतं. डुलकी कसली, त्या ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंगचं चाक नुसतंच गरगरत राहिलं होतं.

"वरून काही कळत नाही, ताई," फिटर म्हणाला होता. "दोन माणसं लागतात. एकाने वर बसून चाक फिरवायचं, दुसऱ्याने खाली पडून बघायचं. बॉक्स जागचा हलला की गाडी संपली."

म्हणून ती धाकटीला म्हणाली, "वर बस आणि चाक फिरव. मी खाली बघते."

"ताई, तू शिवण बघ."

"अगं, खालून सगळी सडलीये ती!"

"जुनी गाडी आहे, थोडा गंज असणारच. शेठ म्हणाले, इंजिन अजून दहा वर्षं बघायला नको."

"शेठ तुझा कोण लागतो? इंजिन चांगलं असेल तर फक्त दरीत लवकर पोचशील!"

धाकटीचे डोळे भरले. "मी काही केलं की तुला बघवत नाही. नवरा तू शोधलास, तो तसा निघाला. आता गाडी मी शोधली, तर तीही वाईटच?"

हे जिव्हारी लागलं. कात्री तडक उठली. ती फिटरकडे गेली. त्याने पाना पुसत नजर खाली घातली. "ताई, माझं निम्मं काम शेठकडून येतं." पंक्चरवाल्याकडे गेली, रंगाऱ्याकडे गेली. कोणाला पाठदुखी, कोणाचं गिऱ्हाईक खोळंबलेलं. गल्लीत गाड्यांवर जगणारी एवढी माणसं, पण चाकावर बसायला एक जण सापडेना. शेठच्या गाड्यांच्या पोटाला काळा थर फासणारा रंगारी तर म्हणाला, "मी फक्त रंग मारतो, ताई. खाली काय आहे ते बघायचं काम माझं नाही." तिने त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापता यायचं नाही.

दोन दिवसांनी गाडीची सरकारी तपासणी होती. पास मिळाला की धाकटी नर्सना घेऊन टेकडी चढणार. "मागच्या सीटचा एक हूक राहिलाय," असं सांगून कात्री गाडीत बसली.

तपासणीच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. शेठ आधीच हजर होता, तपासनीस साहेबांसोबत चहा पीत होता. साहेबांनी लांबूनच हात केला. दिवे लावा. लावले. हॉर्न. वाजला. वायपर. फिरला. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"झालं?" कात्रीने विचारलं.

"झालं."

"खाली कोण बघणार?"

"बाई, गाडी पास आहे."

कात्री उतरली, पदर खोचला आणि सगळ्या रांगेसमोर गाडीच्या पुढच्या चाकांमागे आडवी झाली. मान आत सरकवली. बाहेर फक्त पाय राहिले.

"ताई! ऊठ! लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच झोपलेय!"

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. शेठ हसत सगळ्यांना सांगू लागला, "डोकं फिरलंय बाईचं. बहिणीची गाडी आली ना, पोटात दुखतंय." साहेब ओरडले, "बाहेर या, नाहीतर पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा! त्यांनाही माझ्या शेजारी झोपवते!" गाडीखालून आवाज आला. "मला फक्त चाकावर एक माणूस द्या. इतके बाप्ये उभे आहेत, एकालाही चाक फिरवता येत नाही?"

रांगेतले बाप्ये हसले आणि जागीच उभे राहिले. धाकटी लाजेने लाल झाली होती. आधी तिने बहिणीच्या पायाला धरून ओढून पाहिलं, मग तिच्या डोक्यात तिडीक गेली. "थांब. एकदाचं दाखवतेच तुला. मग आयुष्यात माझ्या वाटेला जायचं नाही!" ती तणतणत वर चढली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं आणि चाक असं गर्रकन डावीकडे फिरवलं, जसं काही बहिणीचा कानच पिरगाळतेय. मग उजवीकडे. परत डावीकडे.

खालून 'कड्' असा आवाज आला. लहानसा. हॉर्नच्या गोंगाटात दुसऱ्या कोणाला ऐकू गेला नाही.

धाकटी वाट बघत राहिली. आता ताई ओरडेल, आता शिवी हासडेल. पण खालून काहीच येईना. जन्मापासून तिने ताईला इतकी गप्प कधी ऐकली नव्हती. तिने चाकावरचे हात काढले.

"ताई?"

"परत फिरव," कात्री हळू आवाजात म्हणाली. "सावकाश."

तिने फिरवलं. या वेळी तो 'कड्' तिलाही चाकातून जाणवला. मग तिने स्वतःच इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, वाका."

"अहो, माझी पॅंट..."

"वाका म्हणते ना!"

साहेब वाकले. धाकटीने वर जाऊन पुन्हा चाक फिरवलं. काळा थर तडकून सुटला होता. त्यामागे लोखंडाची चीर चाकाबरोबर उघडत होती, मिटत होती, आणि पूर्ण बॉक्स जागचा हलत होता. साहेब उठले, गुडघे झटकले आणि शेठकडे न बघता पेन खिशात घातलं. एवढीच त्यांची लाज.

शेठ तिथल्या तिथे म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. मग रांगेतल्या ज्यांना मघाशी चाक फिरवायला जमलं नव्हतं, त्यांनीच त्याला गराडा घातला. गर्दी जमली की सगळ्यांना शौर्य सुचतं. शेवटी त्याने गाडी ठेवून घेतली आणि पैसे दिले, पण बांगड्यांच्या बदल्यात अंगठीएवढेच.

धाकटी दुकानात बसू लागली. कापड कापायची, पण बहिणीशी बोलायची नाही. जीव वाचला हे तिला कळत होतं, पण हातातलं गेलं ते गेलं. ताईचं बरोबर ठरलं, हा राग तर निराळाच. कात्रीही मुद्दाम काही बोलायची नाही. दोघी दिवसभर मशीनच्या आवाजातच बसायच्या.

एक दिवस दुकानासमोर निळी एसयूव्ही थांबली. एक तरुण नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. "ताई, मागच्या सीटवर बाळासाठी पट्टा लावून हवाय. गाडी नवीन घेतलीये, म्हणजे जुनीच, पण एकदम ठणठणीत."

कात्रीने दार उघडलं. मरून रेक्झीन. पिवळा दोरा. कोपऱ्यात तिचाच तिहेरी टाका. दाराच्या फटीत निळ्या रंगाखालून पांढरा डोकावत होता.

काचेवर नवा कोरा पास चिकटवलेला होता. तिने बाहेर येऊन वाकून पाहिलं. पोट काळंभोर आणि चकचकीत, वासही अजून ताजा.  ती फिटरला हाक मारायला वळली, मग थांबली. त्याची नजर कुठे गेली असेल ते न बघताच कळत होतं.

"वहिनी, बाळाला घेऊन आत माझ्या स्टुलावर बसा," ती म्हणाली. "आणि दादा, किल्ली द्या."

"पट्ट्यासाठी किल्ली कशाला?"

उत्तर द्यायच्या आधी मागून कोणीतरी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. धाकटीने हातातली कात्री टेबलावर टाकली होती. ती वर चढली, हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बघतेस काय? आडवी हो," ती म्हणाली. "आणि या वेळी गप्प बसू नकोस, ताई. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे."